मोजणीचा आठवडा

आमच्या वसाहतीत बसच्या आधी बसचा खांब आला. घाटकोपर स्टेशनपासून दोन मैल आत, टेकडीच्या पायथ्याशी आमची साठ-सत्तर बिऱ्हाडं. निम्मी कचेरीतल्या कारकुनांची, निम्मी कोकणातून गिरणीत आलेल्यांची. खांब रोवून माणसं निघून गेली आणि तीन आठवडे त्याच्यावर कावळ्यांशिवाय कोणी आलं नाही. मग सत्तावन्न सालच्या सुरुवातीला एका सकाळी खरोखरच बस आली. काका, म्हणजे आमच्या शेजारचे गिरणीतून सुटलेले गृहस्थ, पुढे होऊन तिच्या नाकाला हळदकुंकू लावू लागले. ड्रायव्हर म्हणाला, "अहो, काच सोडून लावा."

त्या बसमागे दोन वर्षांची पत्रकं होती. बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे, आणि घरात वाण्याच्या पुडीपासून उशीच्या अभ्र्याखालच्या कागदापर्यंत सगळं छापलेलं असायचं. इतर मुली कमळातला क शिकल्या, मी कामगारातला शिकले. सोळाव्या वर्षी मी वसाहतीच्या कमिटीची पत्रकं लिहू लागले आणि ते काम माझ्याकडेच राहिलं. आमच्याकडे पद्धत अशी होती की पत्रक छापून आलं की सकाळी पाणी यायच्या वेळेला ते सार्वजनिक नळावर मोठ्याने वाचायचं. वाचता न येणारे बरेच होते म्हणून ही सोय सुरू झाली, पण पुढे तो कायदाच झाला. ज्याला हरकत असेल त्याने तिथेच, हंडा भरायच्या आत बोलायचं. कोणी बोललं नाही तर त्यात लिहिलेल्याला सगळे बांधील. बससाठी आळीपाळीने कंपनीच्या कचेरीत जाऊन बसायचं, ते असंच ठरलं होतं आणि दोन वर्षांत एकाही घराने आपली पाळी चुकवली नव्हती.

बस आली म्हणून ताई घरी आली. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. लहानपणीच्या एका तापानंतर तिचा डावा पाय आखूड राहिला. दादरला टेलिफोन ऑफिसात तिला नोकरी लागली होती, पण ती अजून टेंपररी होती, आणि स्टेशनपर्यंतचे दोन मैल रोज चालणं तिला शक्यच नव्हतं. टांगेवाले सकाळी आत यायला तयार नसत. त्यामुळे दीड वर्ष ती परळला मामांकडे राहिली. दोन खोल्यांत नऊ माणसं. ताई जिन्याशेजारच्या बोळात झोपायची आणि सकाळी मामी उठायच्या आत वळकटी गुंडाळायची. मामी वाईट नव्हती. फक्त भाजी वाढताना म्हणायची, "तुझ्या घरी बस यायची होती ना गं? निघालीय का ती डेपोतून?" बस सुरू झाली त्याच रविवारी ताई ट्रंक घेऊन परत आली. आईने तिचा कोपरा नव्याने सारवला.

पण ही बस सहा महिन्यांच्या बोलीवर होती. कंपनीचं पत्र होतं: जूनमध्ये एक आठवडा प्रवासी मोजले जातील, पुरेसे दिसले तर मार्ग कायम, नाही तर बंद. आम्हाला काळजी नव्हती. सकाळच्या फेरीला माणसं पायरीवर उभी असायची. एप्रिलपासून सुरू झालेल्या नव्या पैशांचा हिशेब कंडक्टरला येईना आणि आम्हालाही येईना, तरी त्या गोंधळात बस रोज भरून जायची.

मे संपता संपता फ्लू आला.

आधी वर्तमानपत्रात आला, मग शहरात, मग आमच्या घरांच्या पहिल्या ओळीत. एकाच ओळीत तीन दिवसांत अकरा घरं झोपली. दवाखान्यात बाटल्या कमी पडल्या. लोक घरून औषधाला बाटल्या नेऊ लागले, कुणी तर रॉकेलची धुऊन नेली. घराघरातून निलगिरीच्या तेलाचा वास यायचा. आणि अंगात ताप घेऊन माणसं बसने कामावर जातच होती, कारण रजा मागितली तर साहेब म्हणायचा, सगळ्यांनाच ताप आहे. मी बसमध्ये एका बाईला पुढच्या माणसाच्या पाठीवर खोकताना पाहिलं, आणि त्या माणसाच्या कडेवर मूल होतं.

मी घरी येऊन पत्रक लिहिलं. एका बैठकीत लिहून काढलं. तापाने फणफणलेल्या माणसाला कामावर ओढणारा मालक ताप वाटत फिरतो आहे, असं त्यात होतं. मागणी होती, भरपगारी रजा. आणि शेवटी वसाहतीपुरता नियम: ज्या घरात ताप आहे त्या घरातल्या कोणीही, आजारी असो वा नसो, ताप उतरून तीन दिवस होईपर्यंत बसमध्ये चढू नये. 'कोणीही' हा शब्द मी ठळक छापायला सांगितला होता.

ताईने ते वाचून विचारलं, "मोजणीचं काय?"

"तापाच्या दिवसांत कोण माणसं मोजतं, ताई? पुढे ढकलतील."

"तसं पत्र आलंय?"

"मी पाठवलंय ना. पत्रकाची एक प्रतही जोडलीय. त्यांना दिसेलच आपण किती जबाबदारीनं वागतोय ते."

माझा खरोखर विश्वास होता की कागदावर नीट मांडलं की समोरच्याला पटतं. आजवर तसंच होत आलं होतं असं मला वाटायचं.

शुक्रवारी नळावर पत्रक वाचलं. कोणी हरकत घेतली नाही. शनिवारी बसमध्ये निम्मी माणसं होती. रविवारी रात्री बाबा अंगातला शर्ट न काढताच आडवे झाले आणि सोमवारी सकाळी त्यांचं अंग तव्यासारखं तापलं होतं. त्याच सोमवारी मोजणीदार आला.

तो पन्नाशीचा, काळी टोपी घातलेला माणूस होता. नाकावर रुमाल बांधलेला, रुमालात कापराची वडी. खांबाजवळ घडीचं स्टूल मांडून, मांडीवर पॅड ठेवून बसला. दर माणसामागे एक उभी रेघ, पाचवी आडवी. ताई बसमध्ये चढली तेव्हा तिची रेघ आडवी पडली, ती मी पाहिली. तिच्यानंतर दोघं चढले. कंडक्टरने रिकाम्या बाकांवर नजर फिरवली आणि म्हणाला, "या, या. आज सगळ्यांना खिडकी."

बस गेल्यावर मी मोजणीदाराजवळ गेले.

"सात," मी म्हटलं. "एरवी पन्नास असतात. इथे घराघरात ताप आहे. ते लिहा ना."

"कुठे लिहू?" त्याने पॅड माझ्याकडे वळवलं. वेळ, फेरी, चढले, उतरले. "यात तापाचा रकाना दाखव मला, पोरी. लगेच लिहितो."

"खाली शेरा म्हणून लिहा."

"खाली माझी सही येते."

"तुम्हाला हे बरोबर वाटतं?"

त्याने रुमाल जरा खाली करून श्वास घेतला. "माझ्या घरी तिघं झोपलेत. मी आलो नाही तर आजचा खाडा. मला बरोबर-चूक विचारू नकोस, किती चढले ते विचार."

मंगळवारी सकाळी नळावर हाच विषय निघाला. काका म्हणाले, उपाय सोपा आहे. दर घरातून एकाने मोजणी संपेपर्यंत बसमध्ये जाऊन बसायचं, स्टेशनला उतरायचं, आणि त्याच बसने परत यायचं. "तो रेघा मारतोय ना? मारू दे. हात दुखेपर्यंत मारू दे."

काहीजण हसले. दोघातिघांनी मान डोलावली. मी हंडा खाली ठेवला आणि बोलले. चार दिवसांपूर्वी याच जागी आपण काय ठरवलं, त्याची आठवण दिली. बस वाचवण्यासाठी आजारी घरांतली माणसं बसमध्ये कोंबायची, आणि नुसतं जाऊन येणाऱ्यांना प्रवासी म्हणायचं, म्हणजे ज्या कंपनीला आपण खोटं म्हणतो तिच्याहून आपण वेगळे कुठे, असं विचारलं. चांगलं बोलले. मला आठवतं, मी चांगलं बोलले. काकांनी सूचना मागे घेतली.

मग काकांच्या घरच्या काकू बोलल्या. त्या मालवणच्या, आणि त्यांचं बोलणं हंड्यात पडणाऱ्या पाण्याच्या वरून ऐकू यायचं.

"सगळा बरोबर तुझा. पण तुझ्या बापाशीक ताप इलो ना गो? मगे तुझी बहीण काल बशीत कशी चढली?"

नळ वाहत होता. कोणीतरी पुढे होऊन तो बंद केला.

"ती कामावर जाते," मी म्हटलं.

"आमचो झील काय गोट्ये खेळाक जाता? चार दिवस घरात बसलोहा तो. पगार कापून. तुझो कागद वाचलो म्हणान." काकूंनी हंडा डोक्यावर घेतला. "माझा काय म्हणणा नाय. तिना जावचा, लंगडा पोर ता. पण मगे तुमी तसा लिवा."

त्या रागावल्या नव्हत्या. तेच कठीण गेलं.

संध्याकाळी ताई घरी आली तोवर ते तिच्या कानावर गेलं होतं. खांबापासून घरापर्यंत तिला चौघांनी सांगितलं. बूट काढून ती पायाला तेल चोळत बसली. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"एक ओळ घाल," ती म्हणाली. "ज्यांना कामावर जाण्यावाचून इलाज नाही त्यांना सूट. उद्या नळावर वाच. काकूंचा मुलगाही जाईल, मीही जाईन."

"म्हणजे सगळेच जातील. तसं कुणाचं चालतं गं, ताई, न जाऊन?"

"मग फक्त जे आजारी आहेत त्यांच्यापुरता नियम ठेव."

"चार दिवस लोकांनी पगार कापून घेतले. आज आपल्या घरात ताप आला म्हणून मी ओळ बदलायची? काय तोंडानं वाचू?"

भिंतीकडून बाबा म्हणाले, "मी काकांच्या पडवीत जाऊन झोपतो. घरात ताप नाही. झालं?" आणि ते खरंच उठून बसले, चादर गुंडाळू लागले. आईने त्यांना खांद्याला धरून परत आडवं केलं. ताई हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते तेलकट मनगटाने पुसलं.

"तू बरोबर बोलतेस," ती मला म्हणाली. "लहानपणापासून तू बरोबरच बोलतेस. मला त्याचा कंटाळा आलाय गं."

मग तिने घड्याळाला किल्ली दिली आणि गजर पावणेपाचवर लावला.

बुधवारी आम्ही दोघी चालत निघालो. मी तिचा डबा घेतला आणि छत्री. अंतर मला पाऊण तासाचं होतं, तिला दोन तास लागले. रस्त्याच्या कडेला चिखल झाला होता, म्हणून मधल्या खडीवरून चालावं लागे, आणि खडीवर तिचा डावा बूट तिरका पडे. दर शंभर पावलांवर ती थांबायची, जणू काही पाहायला थांबली आहे असं. टेकडी पाहायची. एकदा तर विजेचा खांब पाहिला.

अर्ध्या वाटेवर मागून बस आली. सहा-वीसची. ड्रायव्हरने आम्हाला ओळखलं आणि थांबा नसताना गाडी थांबवली. आत चार माणसं होती. कंडक्टर पायरीवर वाकून म्हणाला, "ताई, काय हे? चढा."

ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, "आमच्या घरात ताप आहे."

"मग? माझ्या डोक्यात ताप आहे. चढा हो, गाडी रिकामी आहे. शेवटच्या बाकावर बसा, कुणाच्या जवळही नको."

त्या क्षणी मी 'जा' म्हणायला हवं होतं. एवढाच शब्द. शेवटचं बाक रिकामं होतं, खिडक्या उघड्या होत्या, तिच्या श्वासाने कोणाचं काहीही बिघडणार नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण चौथ्या बाकावर आमच्याच वसाहतीतले एक कारकून बसले होते आणि ते आमच्याकडे पाहत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि बोलले नाही. कंडक्टरने थोडी वाट पाहून घंटा मारली.

ताई त्या दिवशी कामावर पाऊण तास उशिरा पोहोचली. ऑफिसात निम्म्या मुली तापाने गैरहजर होत्या. ज्या आल्या होत्या त्यांना दोन-दोन बोर्ड सांभाळावे लागत. त्यामुळे सुपरवायझर बाईंनी तिला रागावण्यातही वेळ घालवला नाही, फक्त वहीत वेळ लिहिली. टेंपररी माणसाच्या नावापुढे अशा तीन नोंदी झाल्या की कायम करायचं प्रकरण मागे पडतं, हे ताईने मला वाटेत सांगितलं होतं. संध्याकाळी मी तिला घ्यायला स्टेशनवर गेले. गुरुवारी आम्ही साडेचारला निघालो. गुरुवारी ती वेळेवर पोहोचली, पण संध्याकाळी तिचा घोटा सुजून बुटाच्या वर आला होता.

शुक्रवारी स्टेशनच्या पायऱ्या उतरून ती खाली आली आणि कठड्याला टेकून उभी राहिली. हातात डबा आणि एक कागदी पुडा.

"मी आज मामांकडे जातेय," ती म्हणाली. "हा डबा तेवढा ने. आईला सांग. बाबांना मोसंबी घेतलीत."

"मोजणी उद्या संपतेय. बाबांचा ताप उतरला. मंगळवारपासून तू बसने—"

"हो."

"ताई, मी उद्या नळावर ती ओळ वाचते."

"नको. आता नको वाचूस," ती म्हणाली. "आता लोक म्हणतील, बहीण पळाली तेव्हा सुचलं." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिने माझी वेणी ओढली, लहानपणी ओढायची तशी. "तुझी वाट लागलीय चार दिवसांत. घरी जाऊन झोप."

मी एकटी चालत आले. मला बसने येता आलं असतं? नाही. आमच्या घराचा ताप उतरून तीन दिवस झाले नव्हते.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते थोडक्यातच झालं. जूनच्या शेवटी ताप ओसरला. जसा ओळीने आला तसा ओळीने गेला. एका सकाळी मी खांबाजवळ पाहिलं तर रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. लोक हडकले होते, पण भांडत होते, पुढे घुसत होते, कंडक्टर ओरडत होता. पायरीवर पुन्हा माणसं. पुढचे पंधरा दिवस ती बस अशी भरून गेली की पूर्वी कधी गेली नव्हती. मोजायला मात्र स्टूल घेऊन कोणी आलं नाही. काका रोज सकाळी तिथे उभे राहून मोठ्याने मोजायचे, कोणासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मग पत्र आलं. मार्ग बंद. कारण प्रवासी अपुरे. आणि दुसरं कारण, रहिवाशांनी बस न वापरण्याचं स्वतःच ठरवलेलं दिसतं, सोबतची प्रत पाहावी. सोबत माझं पत्रक होतं. मीच पाठवलेलं. 'कोणीही' या शब्दाखाली कोणीतरी लाल शाईने रेघ मारली होती.

मी त्यावर आणखी तीन पत्रं लिहिली. तापाचे दिवस वगळून नव्याने मोजायला सांगितलं, प्रवाशांच्या सह्या पाठवल्या, एकदा कचेरीत जाऊन साहेबाशी भांडले. मला बाहेर बसवून ठेवलं. बाबा म्हणाले, पत्रक चुकीचं नव्हतं. वसाहतीत त्या तापाने एकही माणूस गेलं नाही, आणि शेजारच्या वाडीत दोन गेली. हे खरं आहे. पत्रकामुळे गेलं नाही की नशिबाने, ते मला माहीत नाही. माझ्याकडे त्याचाही रकाना नाही.

ताई मामांकडेच राहिली. बोळातली जागा तोवर मामेभावाच्या सायकलीला दिली होती. सायकल जिन्यात गेली. सहा महिन्यांनी ती नोकरीत कायम झाली. गेल्या वर्षी ऑफिसातल्या दोघींबरोबर तिने दादरला एक खोली घेतली. महिन्यातून एका रविवारी येते, स्टेशनवरून टांगा करून. बहुतेक वेळा टांगेवाला नाक्यावरच सोडतो आणि तिथून ती चालते.

या महिन्यात कमिटीने बससाठी पुन्हा अर्ज करायचं ठरवलं. वस्ती वाढली आहे, पलीकडे दोन नव्या चाळी झाल्या आहेत. अर्ज लिहायचं काम माझ्याकडेच आलं. नळावर सगळ्यांनी मान्य केलं, काकू म्हणाल्या, "लिव, पण कमी लिव."

गेल्या रविवारी ताई आली तेव्हा मी तिला अर्ज वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "बरा झालाय."

"बस आली तर तू घरी येशील ना राहायला?"

तिने सुपातला एक खडा उचलून उंबऱ्याबाहेर टाकला. बराच वेळ ती पुढचा खडा शोधत राहिली.

"आली तर रविवारी बसने येईन," ती म्हणाली.

अर्जाला रोज प्रवास करणाऱ्यांची यादी जोडायची होती. ती गेल्यावर मी यादी करायला बसले. आमच्या घरासमोर बाबांचं नाव लिहिलं, मग माझं. ताईचं लिहिलं नाही. मग बेरीज केली आणि अर्ज पाकिटात घातला.